आवडत नाही

वडोदरा, दांडिया बाजार, दुपारचे साडेतीन.
टेबलावर माझं यंत्र : रक्तदाब मोजणारं,
राखाडी, गुळगुळीत,
बटणं अंगात इतकी बुडवलेली
की ऑफिसात सगळे म्हणाले होते, काय देखणं झालंय!

रजनीभाई पारेख दंडाला पट्टा बांधतात,
पोळीवर तूप फिरवावं तसं बोट फिरवतात यंत्रावरून
आणि दाबतात कंपनीचं नाव.
तेवढंच वर उठून आलंय ना.
पुन्हा दाबतात. जोरात. श्वास धरून.
मग मला समजावं म्हणून मुद्दाम मराठीत,
"बेन, मला आवडत नाही."

मी पुण्याची.
वहीत लिहिलं : नापसंत. रंग बदलून पाहावा.

निळं केलं. मग शेवाळी.
वाडी, चोखंडी, पाणीगेट, सात घरं झाली.
साती जणांनी नाव दाबलं,
आणि काहीतरी सांडल्यासारखे
ओशाळून हसले माझ्याकडे बघत.
यंत्र गप्प होतं.
ओशाळायची सोय त्यात आम्ही ठेवलीच नव्हती.

खानविलकर काकींकडे गेले पंधरा दिवसांनी,
दिलेलं यंत्र परत आणायला.
चहात पुदिना चुरडताना त्या हसल्या :
"अगं, गुजरातीत आवडत नाही म्हणजे येत नाही.
नकोसं असतं तर गमतुं नथी म्हणाले असते!"

येत नाही.
एवढा मोठा माणूस, तीस वर्षं लेथवर हात बसलेला,
मला त्याची अडचण सांगत होता
आणि मी रंगाचे नमुने उलटत होते.

काकींनी फडताळातून यंत्र काढलं.
बटणावर मरून टिकली.
"पहाटे दिवा कोण लावतंय? बोटाला लागायला हवं काहीतरी.
गळते तिसऱ्या दिवशी. मग दुसरी लावते."
पाकीट दाखवलं. दोनच उरल्या होत्या.

सोमवारी बैठकीत ते तसंच ठेवलं.
कुणीतरी सवयीनं नखानं टिकली खरवडायला गेलं.
"राहू दे," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.

रात्री वही उघडली. 'नापसंत' खोडलं.
'येत नाही' लिहायला घेतलं
तर आधी कुणाला ते लिहावं लागत होतं.
बराच वेळ पेन तिथेच.
मग लिहिलं, रजनीभाईंच्याच मराठीत :
मला आवडत नाही.
अजून.