आठला निघून सातला

घरून आठला निघते, कामावर सातला पोचते.
मध्ये एक नदी, एक पूल, आणि एक तास
जो रोज सकाळी मला फुकट मिळतो
आणि संध्याकाळी मुकाट्याने काढून घेतला जातो.

टांझानियाची वर्दी घालून मी रुसुमोचा पूल ओलांडते,
जिथे डावीकडून आलेले ट्रक उजवीकडचे होतात,
आणि रवांडात बसून टांझानियाचं काम करते.
करारच तसा आहे: गाडी एकदाच थांबेल,
ज्या देशात शिरायचं तिथे,
आणि दोघींनी शेजारी बसून तिला सोडायचं.
त्यांच्या फरशीवर माझा कायदा
साधारण पाच फूट लांब आहे,
माझ्या खुर्चीपासून प्रिंटरपर्यंत.
प्रिंटर त्यांचा.

शेजारी व्हेस्टीन. आमच्यात एक स्टेपलर.
पिना कोणत्या सरकारने आणायच्या
यावर पत्रव्यवहार चालू आहे;
तोवर एक महिना ती आणते, एक महिना मी.
मी जाण्याचा शिक्का मारते,
शाई ओली असतानाच पासपोर्ट तिच्याकडे सरकवते,
ती येण्याचा मारते.
या दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस
कुठल्याच देशात नसतो.
बहुतेकांना कळतही नाही. परवा एक म्हातारी मात्र
तेवढ्या वेळात खुदकन हसली.

मंगळवारी तांदळाचा ट्रक. कागदावर पोती पाचशे साठ.
मी स्वाहिलीत मोजली, व्हेस्टीनने किन्यारवांडात.
माझी पाचशे एकसष्ट, तिची पाचशे साठ.
पुन्हा.
तिची एकसष्ट, माझी साठ.
ड्रायव्हर मसुंबुको टायरला टेकून गप्प,
ती गप्प आम्ही दोघी ओळखतो.
तिसऱ्यांदा एकाच भाषेत मोजली, मोठ्याने,
आणि जास्तीचं पोतं सापडलं:
लेकीच्या सासरी पाठवलेलं, तांदळात पुरलेला सुका मासा.
त्याने जकात भरली. आम्ही दोघींनी सह्या केल्या.
"पूर्वी बरं होतं," तो म्हणाला,
"एकीला एक सांगता यायचं, दुसरीला दुसरं."

पूर्वी.
पूर्वी गाड्या तीन-तीन दिवस अडकायच्या,
टेकडीच्या वळणामागे रांगेचं शेपूट दिसायचं नाही.
त्या रांगेच्या कडेने माझी आई चपात्या विकायची,
बादलीत, वर ओलं फडकं.
साहेब जेवायला गेला की तिचा धंदा तेजीत.
माझी शाळेची फी त्या रांगेने भरली.

एका वर्षी रांग ट्रकची नव्हती.
माणसं होती, डोक्यावर गाद्या, चटया, भांडी,
दिवस-रात्र पूल चालत होता.
त्या वर्षी आईने चपात्या विकल्या नाहीत, वाटल्या,
आणि पुढे कित्येक वर्षं नदीचा मासा घरात आणला नाही.
व्हेस्टीन त्या रांगेत होती, कुणाच्या तरी पाठुंगळी.
यावर आम्ही बोलत नाही.
ती पुलाच्या मधोमध थांबत नाही, एवढंच.

आता गाडी पन्नास मिनिटांत सुटते.
राजधानीतून लोक येतात, भिंतीवर आलेख दाखवतात:
खाली उतरणारी निळी रेघ, टाळ्या,
आणि बाटलीबंद पाणी.
मीही टाळ्या वाजवते. रेघ खरी आहे,
तिच्यातले काही ठिपके माझ्या हातचे आहेत.
मी शिकले, नोकरीला लागले,
आणि ज्या रांगेने मला वाढवलं ती
शिक्क्याशिक्क्याने संपवली.

संध्याकाळी घरी पोचते तेव्हा
आई चुलीपाशी बसलेली असते.
"आज किती?"
"दोनशे बारा."
तिचे ओठ हलतात: ड्रायव्हर, क्लीनर, माणशी दोन.
"आठशे अठ्ठेचाळीस," ती म्हणते,
हिशेब बरोबर आल्यासारखी मान हलवते,
आणि दोघींपुरत्या चार लाटायला घेते.