गोणपाटातला बर्फ

टीव्हीवर एकदा पाहिलं होतं,
कुठल्याशा थंड देशात पोरं बर्फावर हॉकी खेळतात,
आपटतात, ओठातलं रक्त थुंकतात, पुन्हा आत.
आमच्याकडे बर्फ येतो तो गोणपाटात,
सायकलच्या कॅरिअरवर,
कारखान्यापासून मैदानापर्यंत अर्धा वितळत.
आमची हॉकी मुरमावर.
एप्रिलातला सोलापूरचा मुरूम,
पडलं की कातडं ठेवून घेतो.

श्रीवाणी कोंड्याल, वय एकोणीस.
डावा गुडघा.
डॉक्टर म्हणाले होते सहा आठवडे,
आज तिसऱ्याचा शनिवार,
आणि उद्या रेल्वेची माणसं येणार निवडीला.
"पळायला येतंय की ओ, मामा.
तुम्ही फक्त पट्टी घट्ट बांधा."

मी काही डॉक्टर नाही.
अक्कलकोट रोडला जॉबर आहे, माग दुरुस्त करतो.
ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा,
गाठ मारायची, मग पुन्हा बटण.
मालक ओरडतो. ओरडू दे.
तसाच रेटला तर तिथून पुढे कापडभर रेघ,
आणि तो टॉवेल मंगळवार बाजारात, किलोवर.
हे मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, "मी टॉवेल आहे का, मामा?"
खरंय.
टॉवेलला निदान किलोचा भाव असतो.

तिची अम्मा दारात, मांडीवर सूप,
"वद्दु," एवढंच म्हणाली
आणि पुढची बिडी वळली. हजार भरायचे होते.
कात्रीनं बोट कापलं तरी चिंधी गुंडाळून
हजार भरणारी बाई
मुलीला म्हणते, थांब.
मुलीनं थांबणं पाहिलंय कुठे त्या घरात?

आणि मी तरी कुठल्या तोंडानं सांगू.
मिरजेला फायनलला घोटा भाकरीसारखा फुगलेला,
बागवान सरांनी विचारलं, जमतंय?
मी हो म्हणालो.
त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.
बावीस मिनिटं गोलात उभा राहिलो,
दोन पेनल्टी कॉर्नर अडवले.
ढाल क्लबच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली हरवलीय.
घोटा माझ्याकडे आहे.
जिना उतरतो मी लहान पोरासारखा,
दोन्ही पाय एका पायरीवर आणून, मग पुढची.
पोरांना इथपर्यंत सांगतो.
पुढचं सांगत नाही,
की त्या बावीस मिनिटांत जेवढा मी होतो
तेवढा पुन्हा कुठेच नव्हतो.
लग्नात नाही,
पोर झालं तेव्हा दवाखान्यातसुद्धा नाही.
म्हणून माझा सल्ला कुणी घेऊ नये.

तरी संध्याकाळी तिला म्हटलं,
डाव्या पायावर दहा उड्या मार.
मारल्या. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा.
चौथ्या उडीपासून मात्र तिचा श्वास ऐकू येईना.
गोलकीपरला कळतं ते.
फटका मारण्याआधी समोरचा असाच गप्प होतो.

पट्टी मी खिशातच ठेवली.
"रेल्वे काय, पुन्हा येते."
"गाडी येते, मामा. निवड नाही येत."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
बर्फ तेवढा होता.
गुडघ्यावर धरून बसलो, गोलपोस्टला टेकून,
होटगी रोडकडचे दिवे लागेपर्यंत.
गोणपाटातून थेंब पडत होते,
मुरूम एकेक पिऊन टाकत होता,
ओल दिसायच्या आत.

उठताना म्हणाली,
"उद्या बूट घालून बसले तर चालेल ना, बाकावर?
नुसती?"
घाल, म्हणालो.

आणि रात्रभर कूस बदलत राहिलो.
बूट घातलेलं माणूस बाकावर किती वेळ बसतं,
मिरजेपासून ठाऊक आहे मला.