पाच तास, पवनी

टोणपे माइकवर म्हणाला, पाचच्या ठोक्याला घाटावर.
गाडी कुणासाठी थांबत नाही.
मागच्या ट्रिपला कराडचे एक गृहस्थ
ट्रकने नागपूरला आले, स्वखर्चाने.
सगळे हसले. मी घड्याळ पाहिलं.

बाकीचे टोप्या घालून किल्ल्याच्या दरवाजाकडे गेले,
मी उलटी वळले.
एकोणतीस वर्षं मिरजेच्या आर.एम.एस.मध्ये
रात्रपाळीला पत्रं लावली मी.
पवनी : नागपूरची थैली, डावीकडचा चौथा खण.
पुढचं पुढच्याने पाहायचं.
वाटायचं, एवढ्याशा नावात
माणसं मावतात कशी?

कोष्ट्यांच्या गल्लीत, ओसरीवर,
कवडू निमजे ताण्यातला तुटलेला धागा शोधत होते,
चष्मा कपाळावर, बोटं थुंकीने ओली.
"कोनाकडे आल्या जी?"
कुणाकडेच नाही, म्हटलं.
हे उत्तर त्यांच्या घशाखाली उतरेना.
पाणी मागवलं, शेजारच्या तीन घरांना विचारलं,
बाई कोनाकडच्या होय म्हणून.
शेवटी मी त्यांच्याकडचीच ठरले.

मागावर करवतीचा काठ निघत होता,
दातामागून लाल दात,
खट्, मग जरा थांबून, खट्.
किंमत विचारली नाही.
विचारली असती तर गिऱ्हाईक झाले असते.

विचारलं ते पराते यांचं.
कुणीतरी दर महिन्याला हिरव्या शाईत लिहायचं :
गोविंदा पराते, पवनी.
एका दिवाळीनंतर ती शाई आलीच नाही.
निमजे म्हणाले, "गोविंदा पराते चार होते,
दोन मेले, एक पुण्याला पोराकडं. तुमाले कोनता पाहिजे?"
हिरव्या शाईचा, असं कसं सांगू?

बाजारात अनुसया दिघोरेने उकडलेले शिंगाडे
वहीच्या पानात बांधून दिले.
पानावर कुणाचं तरी शुद्धलेखन :
नदि, नदि, नदि,
आणि शेवटी, खोडून, नदी.

पोस्ट बंद. रविवार.
पेटीचा पत्रा उन्हाने तापलेला,
तोंडात कुणी गवताची काडी खोचलेली.
ती काढली, सवयीने.
बोटं गेली तेवढी आत घातली,
एका पाकिटाचा कोपरा लागला. राहू दिला.
सायकलवरचा पोरगा म्हणाला,
"आज डाक नाही निघत जी, उद्या निघते."
त्याला काय सांगणार,
हे मला माहीत असलेलं एवढंच तर आहे.

घाटावर पाचाला सात कमी.
वैनगंगेत एक डोंगा आडवा, माणसाशिवाय.
टोणपे डोकी मोजत होता,
वरच्या पायरीवर किल्ल्याचे फोटो
या फोनमधून त्या फोनमध्ये जात होते.
"छत्तीस," तो म्हणाला. "एक कमी."

मी खालच्या पायरीवर होते,
नखांत शिंगाड्याच्या सालीचा काळा रंग,
अजून दोन सोलायचे राहिलेले.
त्याला पुन्हा मोजू दिलं.