पाण्याची पाळी

उत्तरेश्वर पेठेत पाणी येतं पहाटे पावणेचारला,
तेही नळाच्या मर्जीनं.

आमची टाकी भरली की मी पाइप भिंतीवरून सोडते
इलाही शिकलगारच्या निळ्या पिंपात.
तो शिरोलीला, फाउंड्रीत, रात्रपाळीला.
सकाळी परततो तेव्हा
भुवयांतसुद्धा काळी वाळू असते.

हे कधी ठरलं नव्हतं.
त्यानं मागितलं नाही, मी सांगितलं नाही.
एका सोमवारी माझ्या स्कुटीच्या मागच्या चाकात
हवा भरलेली दिसली.
मग दर सोमवारी.

गेल्या महिन्यात तापानं पडले.
डोळे उघडले तर साडेपाच!
त्याचं पिंप कोरडं,
तो तसाच अंग चोळत बसणार...
अंथरुणातच ओशाळले.

भिंतीला धरत बाहेर आले.
टाकी काठोकाठ.
पलीकडचं पिंपही, वर झाकण,
झाकणावर वीट.
आणि फरशीवर पाइपचा ओला माग
वळत वळत गेलेला
थेट आक्काताई पोवारच्या उंबऱ्यापर्यंत.

गटारीवरनं दोन वर्षं
आमचं बोलणं बंद.

ती दारातच होती, पाइप गुंडाळत.
माझ्याकडं न बघता,
भिंतीला विचारावं तसं म्हणाली,
"उतरला काय गं ताप?"