उघाडी

पहाटे सव्वातीनला त्यांना खाली आणलं.
हिराजी मढवी, वय चौपन्न, दिवा गाव, ऐरोली.
सोबत व्हेंटिलेटर, दोन सिलिंडर, चार माणसं
आणि लिफ्टच्या फटीत हटकून अडकणारं एक चाक.

कोण शुद्धीत आहे ते मशीनला कळत नाही.
ते सगळ्यांना सांगतं, त्याच बाईच्या आवाजात:
श्वास घ्या. रोखून धरा.
हिराजींचा श्वास सिस्टर लिजीच्या बोटाखाली होता.
तिने बटण दाबलं, छाती वर येऊन थांबली.
काचेआड मी मोजत राहिले, सात, आठ.
सोडा, म्हणाली मशीनमधली बाई.

मग पडद्यावर काप येऊ लागले.
काळं म्हणजे हवा, हे शिकायला मला एक दिवस लागला.
पांढऱ्याची ओळख व्हायला अकरा वर्षं.

पाठीकडचं सगळं पांढरं.
पाणी खालीच जातं, माणसाच्या आतही.
मधे घासलेल्या काचेसारखं धुकं,
आणि वर, बरगड्यांच्या आडोशाला,
तळहाताएवढा काळा तुकडा.
एवढ्या रुंद छातीत
पहिलीतल्या पोराचं फुप्फुस उरलेलं
आणि येणारा प्रत्येक श्वास
त्या पोराच्याच डोक्यावर.

टिपणीस मॅडमचा फोन: "उघडं किती?"
पाव, मी म्हटलं. पावाहून कमीच.
त्यांनी दाब वाढवायला सांगितला.
पुन्हा काप घेतले.
खालची चार-दोन घरं उघडली,
वरचं आधीच फुगलेलं आणखी ताणलं,
काळं होतं ते जास्त काळं झालं.

पूर्वी मला ते बरं वाटायचं.
मग खारघरला एका प्रशिक्षणात रंगीत चित्रं दाखवली.
किरणोत्सारी साखर टोचतात,
जिथे दाह तिथे ती उजळते.
उजळली होती काळ्यातही,
जिथे मी डोळे मिटून "ठीक" म्हटलं असतं.

बाहेर बाकावर चांगुणाबाई.
"फोटू चांगला आयला का?"
फोटो चांगला आला होता. जराही हलला नव्हता.
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.

ती बोलतच राहिली, माझ्याशी की भिंतीशी कोण जाणे.
खाडीकाठच्या शेताची उघाडी हिराजी बघायचा,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी लाकडी झडप.
एकदा बांध फुटला.
"पानी सगलीकरं सारका नाय जात गो.
खोलगटान आदी.
उंचवट्याव भात उबा रवतो दोन दिस, हिरवागार.
लोकांना वाटतं, वाचला.
पन मुळांना खार लागलेला असतो."

हे मी मॅडमना सांगायला हवं होतं.
नाही सांगितलं.

पाचला वर सहा जणांनी मिळून त्यांना पालथं केलं,
नळी धरून, एक-दोन-तीन म्हणत.
"पालथा? कदी निजला नाय तो पालथा,"
आणि चांगुणाबाई पहिल्यांदा रडली,
तेवढ्याच एका गोष्टीसाठी.

पाठीतलं पाणी सरकायला किती तास,
मिटलेलं उघडेल की उघडं मिटेल,
मशीन सांगत नाही.

साडेपाचला मूतखड्याचा एक पेशंट आला, ऐन विशीतला, कण्हत.
बाईने त्यालाही सांगितलं, श्वास घ्या.
त्याने घेतला.
रोखून धरला.
सोडला.