सौंदड, क्रमांक दोनशे चौदा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा.
धुकं अजून पुरतं उठलेलं नाही
दिगदागाच्या रानावरून.
गुलजमीन गाडीतच बसलाय,
यंदा पहिल्यांदाच काच खाली घेऊन.
"सर्दी खलास," म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण फिरवू लागला.

काम साधं :
झाड गाठायचं, बुंध्याला फीत लावायची,
घेर, उंची, अक्षांश, रेखांश,
मग पत्र्याचा बिल्ला तारेनं बांधायचा, सैल,
म्हणजे झाड वाढलं तरी तार रुतणार नाही.
रस्ता यांना वळसा घालून जाणार आहे.
तेवढ्यासाठी मोजायचं, तोडण्यासाठी नाही.
अकरा वर्षांत असं मोजमाप
मला पहिल्यांदाच मिळालं.

इथे याला घाफ म्हणतात.
मीही वहीत तसंच लिहीत होतो, दोनशे तेरापर्यंत,
घाफ, घाफ, घाफ.
खालच्या फांद्या सगळ्या एका रेषेत,
उंटाची मान पोचते तिथवर खाल्लेल्या,
पट्टी लावून कुणी छाटावं तशा.
त्या रेषेखाली सावली, आणि सावलीत
रात्रीचं दव अजून वाळूवर बसलेलं.

दोनशे चौदाचा काटा लागला.
अंगठा तोंडात घातला, आणि दुसऱ्या हातात
जी डहाळी धरली होती ती पाहिली.
बारीक, समोरासमोर, चिंचेसारखी पानं.
ही पानं मी खुडली आहेत.
दर विनायकीला, रंगाच्या रिकाम्या बादलीतल्या
कमरेएवढ्या झुडपावरून,
"कोवळी नको रे, त्याला दुखतं," असं मागून ऐकत.

शमी.
आमच्या गावात सौंदड.
बादलीत जी कधी कमरेवर गेली नाही
ती इथे तीन पुरुष उंच उभी,
आणि खाली किती पुरुष
ते माझ्या यंत्राला कळत नाही.

पूर्वेला डोंगर. त्यांचं नाव हजर.
पौषात ती गेली तेव्हा मी
साइटच्या कंटेनरमागे, फोनच्या पडद्यावर,
रेंज यावी म्हणून हात उंच धरून.
गैरहजर, असं कुणी म्हणालं नाही.
चुलतभाऊ नुसता फोन फिरवत राहिला
या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर.

पांडवांनी म्हणे शस्त्रं शमीवर बांधली
आणि गुराख्यांना सांगितलं,
जवळ जाऊ नका, ते आमच्या आईचं प्रेत आहे.
लहानपणी मला याची गंमत वाटायची.
काय थाप मारली!
कुंती तर जिवंत, विदुराच्या घरी.

मी हेल्मेट काढलं.
चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट काढलं.
गळ्यातलं ओळखपत्र, फोन.
सगळं एका फांदीला अडकवलं आणि खाली बसलो.
पलीकडून शेळ्या घेऊन मोईनुल चालला होता,
सिल्हेटचा पोरगा, ओळखीचा नाही, नुसता दिसण्यातला.
लांबूनच त्यानं हात हलवून विचारलं, काय झालं?
मी फांदीकडे बोट केलं, आणि मराठीतच म्हणालो,
आई आहे ती माझी.
त्याला काय कळलं कोण जाणे.
त्यानं शेळ्या जरा लांबून नेल्या.

मग बराच वेळ काही झालं नाही.
वेडा राघू एकदा उडाला, परत तिथेच बसला.
पिवळी पानं गळत होती, माझ्या बाहीवर, वहीवर,
आणि त्याच डहाळीवर, गळत्या देठाच्या बगलेत,
पोपटी टिंब.
एक पुरता गेल्यावरच दुसऱ्यानं यायचं असतं
हे या झाडाला कुणी शिकवलेलं नाही.
पाऊस यंदा दोनदा शिंपडून गेला, तेवढाच.
हे फुटतंय ते खालच्या जिवावर.
मी रडलो असेन. दव होतं, नीट सांगता येत नाही.

गुलजमीननं हॉर्न दिला. चहा गार होतोय.
जाकीट चढवलं, फोन खिशात.
वहीत लिहिलं :
क्रमांक २१४. जात : सौंदड. उंची : तीन पुरुष.
ऑफिसात दुरुस्त करतील. करू देत.
तार बांधताना दोन बोटं जागा सोडली,
मग आणखी एक.

दोनशे पंधरा जरा वाकडं आहे,
वाळूत निम्मं बुडलेलं.
त्याची उंची कुठून धरायची, बघू.