भोंग्यापर्यंत

मिलच्या मागं, कोळशाच्या ढिगापलीकडं
दोन कोर्टं होती.
मुरूम हिप्परग्याच्या वाटेवरून यायचा,
शेण रेल्वेलाईनीच्या गोठ्यांतून,
आणि सारवायला माझी आई,
हजार विड्या वळून झाल्यावर, आठवड्यातून दोनदा.

नायना चुना मारायचा.
दोरी लावायचा नाही.
बावीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
उभं-आडवं त्याच्या डोळ्यांतच होतं.
जाळीही त्यानंच गाठवली, चादरीच्या काठाचं सूत पिळून;
मधली उंची तीन फूट,
आईला उभं करून तिच्या कमरेशी मापलेली.

स्पर्धेचं खरं नाव भलं लांब होतं, कपावर मावलं नाही,
म्हणून सगळे म्हणायचे शेंगाकप.
जिंकणाऱ्याला कप एका रात्रीपुरता,
आणि घरी न्यायला चटणीची बरणी.
पुण्याहून यायचे, हुबळीहून,
एकदा सिकंदराबादचा एक डावखुरा तारमास्तर
अनवाणी खेळला, दुसऱ्या फेरीत तळपाय भाजून परत गेला,
बरणी मात्र मागून घेऊन गेला.

आमची कमलव्वा हविनाळे पदर खोचून खेळायची.
सर्व्हिसच्या आधी बांगड्या काढून नायनाच्या हातात द्यायची,
गेम संपला की मोजून परत.
सलग दोन वर्षं जिंकली.
पेंटरनं जागा वाचवायला फळ्यावर लिहिलं: के. हविनाळे.
तिच्या नातवाला वाटतं, तो कुणी काका होता.

पत्रकाच्या तळाशी एकच नियम जाड अक्षरात:
खेळ साडेपाचच्या भोंग्याबरोबर थांबेल.
कारण छापलेलं नव्हतं, पण गिरणगावात कोण विचारणार?
भोंगा झाला की फाटक उघडायचं
आणि घरची वाट कोर्टांवरूनच जायची.
डबे, सायकली, केसांत कापूस घेतलेली माणसं
जाळी वाकून ओलांडायची,
खेळाडू रॅकेट छातीशी धरून बाजूला उभे.
राहिलेला पॉइंट उद्या.

शेवटच्या वर्षी फायनलला
एकीकडं स्पिनिंग खात्यातला दस्तगीर बागवान,
दुसरीकडं मंगळवेढ्याचे वकील रत्नपारखी.
एक सेट ह्याचा, एक त्यांचा,
तिसऱ्यात पाच-पाच.
साडेपाच झाले.
पंच बर्जोरजींनी घड्याळ पाहिलं, मग चिमणी,
मग पुन्हा घड्याळ, जणू चूक त्याचीच.
नायनानं चुन्याचा डबा खाली ठेवला.
पावणेसहा.
फाटकातून कुणी आलं नाही.

थांबा म्हणायचं कुणी? नियमात माणसाचं नाव नव्हतं.
खेळत राहिले.
आकड्यांच्या पाट्या मी लावत होतो,
सतरा-सतरापर्यंत होत्या, पुढचे आकडे कुणी केलेच नव्हते.
अंधार आधी कोपऱ्यांत उतरला, मग जाळीत अडकला.
"चेंडू दिसंना वकीलसाब," दस्तगीर ओरडला.
"ऐकायला येतोय की," पलीकडून उत्तर.
आणि खरंच, टप्पा, तात, टप्पा, तात;
मिलचे माग गप्प असताना
त्या गावात हलणारं तेवढंच काहीतरी.

मग एकदा टप्पा आला आणि पुढं काही नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाला टाळं.
बर्जोरजींनी निकाल कधी लिहिला नाही.
दस्तगीरचा पोरगा परवा बाळीवेशीत भेटला,
म्हणाला, अब्बा एक गेम पुढं होते.
वकिलांच्या सुनेनं नेमकं उलटं सांगितलं.
मला एवढंच आठवतं, सर्व्हिस दस्तगीरची होती.

फळा आमच्या घरी आला.
पेंटरला पैसे आगाऊ दिलेले,
म्हणून साल लिहून गेला, पुढं टिंब टिंब.
आई तो पालथा मांडीवर घ्यायची,
पत्र्याचा फर्मा ठेवून तेंदूची पानं कापायची,
नावं सगळी तिच्या गुडघ्यांकडं तोंड करून.
साडेपाचला तिची कात्री थांबायची.
आम्ही कुणी काही बोलायचो नाही.
मग कात्री पुन्हा सुरू.